गॅस वाचताना

रात्री फोन येतो तेव्हा रेसिडेंट डॉक्टर सहसा पीएचपासून, म्हणजे रक्त किती आम्ल आहे ते सांगणाऱ्या आकड्यापासून, सुरुवात करतो. "मॅडम, गॅस आला. पीएच ७.१७." एवढं सांगून तो थांबतो, कारण त्याच्या मते महत्त्वाचं सांगून झालेलं असतं. मी विचारते, "पेशंट श्वास कसा घेतोय?" मग पुष्कळदा फोनवर पावलांचा आवाज ऐकू येतो. तो चिठ्ठी हातात घेऊन पुन्हा बेडकडे निघालेला असतो.

धमनीतल्या रक्ताच्या या तपासणीला, म्हणजे एबीजीला, आमच्याकडे सगळेच 'गॅस' म्हणतात. मनगटातून जेमतेम एक-दोन मिलिलिटर रक्त काढायचं आणि यंत्राला द्यायचं. काही मिनिटांत चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर पीएच असतो (तो जितका कमी, तितकं रक्त आम्ल), कार्बन डायऑक्साइडचा आणि ऑक्सिजनचा दाब असतो, बायकार्बोनेट असतं. हल्लीच्या यंत्रांवर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि लॅक्टेटही येतं. मर्यादेबाहेर गेलेल्या आकड्याशेजारी वर किंवा खाली जाणारा बाण छापलेला असतो. इतकी वर्षं या चिठ्ठ्या वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की या बाणांनी जितकी मदत केली, तितकीच दिशाभूलही केली. आकडा चढला की उतरला, एवढंच बाणाला कळतं. तो आजारामुळे हलला की आजाराशी झुंजताना शरीरानेच हलवला, हे त्याला कळत नाही. सगळी गोम तिथेच आहे. पहिल्या प्रकारच्या आकड्यावर उपचार करायचे असतात, दुसऱ्याला सांभाळायचं असतं.

ही गफलत केवढ्याला पडू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये घडलं. शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती. संसर्गजन्य रोगांसाठीच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये साथ शिगेला पोचली तेव्हा दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत. त्यातल्या काहींचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असत. त्यांच्यासाठी रुग्णालयाकडे एक टँक रेस्पिरेटर (गळ्यापर्यंत शरीर आत ठेवून श्वास देणारी मोठी पेटी) आणि छातीवर बसवायची सहा क्युरास यंत्रं होती, बस्स. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांना या यंत्रांवर ठेवलं. त्यातले २७ दगावले. बहुतेक सगळी लहान मुलं आणि तरुण माणसं.

त्या वेळी प्रयोगशाळा रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत असे. रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात असतो, त्यामुळे तो आकडा म्हणजे जवळजवळ बायकार्बोनेटच. या मरणाऱ्या रुग्णांमध्ये तो खूप वाढलेला निघायचा. बायकार्बोनेट अल्कधर्मी, म्हणजे ते वाढलं तर रक्त अल्कधर्मी झालं, असा सरळ अर्थ लावला गेला. कारण न उमगलेला अल्कलोसिस, असं त्याचं निदान झालं. रुग्ण मेंदूवरच्या घावाने जातात, त्यापुढे इलाज नाही, अशीच समजूत होती.

विभागप्रमुख होते हेन्री लासेन. मोगेन्स ब्योर्नेबो या सहकाऱ्याने त्यांना सुचवलं की एकदा भूलतज्ज्ञाला बोलावून पाहू. २५ ऑगस्टला ब्योर्न इब्सेन आले. बोस्टनमध्ये भूलशास्त्र शिकून आलेला हा माणूस. त्यांनी शवविच्छेदनात फुफ्फुसं पाहिली तर ती मरण यावं इतकी खराब नव्हती. रुग्णांची कातडी घामाने ओलसर असे, रक्तदाब चढलेला असे. ऑपरेशन टेबलावरचा रुग्ण पुरेसा श्वास घेत नसला की हेच दिसतं, आणि भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांना ते ओळखता येतं. इब्सेन म्हणाले की हा अल्कलोसिस नाही. रुग्णांना श्वास पुरत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय, रक्त आम्ल झालंय, आणि वाढलेलं बायकार्बोनेट हे त्या साठण्याचंच फळ आहे.

२७ तारखेला बारा वर्षांच्या एका मुलीवर हे पडताळून पाहायचं ठरलं. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. पण मुलगी धडपडत होती, श्वासनलिका आकसल्या होत्या, हवा आत जाईना. जमलेल्या डॉक्टरांचा धीर सुटू लागला. इब्सेननी तिला थायोपेंटल हे भुलीचं औषध दिलं. तिची धडपड थांबली, आणि मग त्यांनी हाताने पिशवी दाबून तिला श्वास द्यायला सुरुवात केली. रंग परतला, घाम थांबला, रक्तदाब जागेवर आला. पिशवी दाबणं थांबवलं की पुन्हा तीच चिन्हं, सुरू केलं की पुन्हा सुधारणा.

पुढे जे झालं ते वाचताना मला अजून भरून येतं. सगळ्यांना पुरतील इतकी यंत्रं नव्हती, म्हणून माणसं बोलावली. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, हाताने पिशव्या दाबल्या. एकूण १,६५,००० तास. श्वास निकामी झालेल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी ८७ टक्के होतं, ते निम्म्याच्याही खाली आलं. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननी कोपनहेगनच्याच म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू केला. आजच्या आयसीयूची वंशावळ तिथपर्यंत नेतात.

आणि प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्त्रुप यांनी या रुग्णांच्या रक्ताचा पीएच प्रत्यक्ष मोजला. तो आम्लाकडे झुकलेला निघाला, चांगलाच. पीएच आणि बायकार्बोनेट दोन्ही हातात आले की कार्बन डायऑक्साइड गणिताने काढता येतो. पुढे आस्त्रुपनी त्यासाठी सोपी पद्धत बसवली, तिच्यावर काम करताना ओले सिगार्ड-आंडरसन यांच्यासोबत बेस एक्सेसची, म्हणजे श्वासाचा परिणाम वगळून रक्तात अल्क किती जादा किंवा कमी ते सांगणाऱ्या आकड्याची, कल्पना आली. अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी कार्बन डायऑक्साइडचं आणि लेलंड क्लार्क यांनी ऑक्सिजनचं इलेक्ट्रोड बनवलं, जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ती दोन्ही पीएचच्या इलेक्ट्रोडशेजारी एका यंत्रात आणली. आज आमच्या कोपऱ्यात उभं असलेलं यंत्र त्याच घराण्यातलं. (पीएचचं मापसुद्धा कोपनहेगनचंच. १९०९ मध्ये सोरेन सोरेनसन यांनी ते कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत मांडलं. १९१६ मध्ये त्याच शहरातल्या हासेलबाल्क यांनी पीएच, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचं नातं सांगणाऱ्या हेंडरसनच्या समीकरणाला आजचं रूप दिलं. सगळी हत्यारं गावातच होती.)

या कथेत मला सारखं जाणवतं ते हे की तिथला आकडा खोटा नव्हता. प्रयोगशाळेने चोख मोजलं होतं. बायकार्बोनेट खरंच वाढलं होतं. प्रश्न फक्त एवढाच होता की ते पहिल्यांदा बिघडलेलं आहे की दुसऱ्या बिघाडामागोमाग हललेलं.

थोडं रसायनशास्त्र सांगते, कारण त्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. रक्तात हायड्रोजन आयन किती असतात? पीएच ७.४० असताना लिटरमागे ४० नॅनोमोल. सोडियम त्याच्या ३५ लाख पट असतं. इतक्या कणभर गोष्टीवर शरीरातलं प्रत्येक प्रथिन, प्रत्येक विकर (एन्झाइम) अवलंबून असतं. पीएच ७.१० झाला म्हणजे ते ४० चे ८० झाले. आकड्यात फक्त ०.३० चा फरक दिसतो, प्रत्यक्षात आम्ल दुप्पट झालेलं असतं. दिवसभरात शरीर सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि तो फुफ्फुसं बाहेर टाकतात. त्याशिवाय अन्नातून, मुख्यतः प्रथिनांतून, साधारण किलोमागे एक मिलिमोल असं न उडणारं आम्ल रोज बनतं. ते मूत्रपिंडांना काढावं लागतं. फुफ्फुसं मिनिटांत हालचाल करतात, मूत्रपिंडांना दोन-तीन दिवस लागतात. हायड्रोजन आयनचं प्रमाण ठरतं ते फुफ्फुसांच्या हातातला कार्बन डायऑक्साइड आणि मूत्रपिंडांच्या हातातलं बायकार्बोनेट यांच्या गुणोत्तरावर: २४ ला कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गुणायचं आणि बायकार्बोनेटने भागायचं. निरोगी माणसात सीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) ४० आणि बायकार्बोनेट २४, म्हणून उत्तर ४०. चिठ्ठीवरचे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही या गुणाकाराने कळतं. मी रेसिडेंटना कागदाच्या कोपऱ्यात हे गणित रोज करायला लावते.

गुणोत्तरातला एक आकडा बिघडला की शरीर दुसरा त्याच दिशेने हलवतं. बायकार्बोनेट खाली गेलं तर श्वास वाढवून सीओटूही खाली आणतं. सीओटू वर गेला तर मूत्रपिंडं बायकार्बोनेट धरून ठेवतात. कडेवर भरलेली कळशी घेतलेली बाई दुसऱ्या बाजूला कलून चालते, तसं. तिचं कलणं हा तिच्या पाठीचा दोष नसतो. तिला ओढून सरळ उभं केलं तर ती कळशीसकट पडेल. आणि ती कलते तरी पलीकडे पडण्याइतकी कधी कलत नाही. शरीराची भरपाईही पीएच पूर्ववत करून पलीकडे नेत नाही. आम्ल रक्ताला भरपाईने अल्कधर्मी केलंय असं दिसलं तर तिथे दुसरा आजार आहे असं धरून चालावं.

आमच्या मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी मला हे सगळ्यात जास्त शिकवलं ते टाइप वन मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नसलेल्या, मुलामुलींनी. कथा थोड्याफार फरकाने तीच असते. पोरीला ताप-उलट्या होतात, ती जेवत नाही, घरचे विचार करतात की जेवली नाही तर साखर कमी होईल, म्हणून इन्सुलिन देत नाहीत. यात त्यांचा दोष कमी आणि आमचा जास्त, कारण आजारपणातही इन्सुलिन बंद करायचं नसतं हे आम्ही नीट समजावून पाठवत नाही. दोन दिवसांनी ती आमच्याकडे येते तेव्हा जीभ कोरडी, डोळे खोल, आणि श्वास असा की खोलीच्या दारातूनच कळावं. खोल, भराभर, न थांबणारा. छातीत तपासून पाहावं तर आवाज स्वच्छ. जर्मन डॉक्टर अडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेहाच्या बेशुद्धीतल्या या श्वासाचं वर्णन केलं. तेव्हा ना पीएच होता ना सीओटू मोजायची सोय. नुसतं पाहून त्यांना कळलं होतं की हा फुफ्फुसाचा आजार नाही.

एका मुलीचे आकडे सांगते. पीएच ७.१७, सीओटू १७, बायकार्बोनेट ६, सोडियम १३२, क्लोराइड ९८. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की उरतात २८. हा अॅनायन गॅप. साधारण १२ पर्यंत असायला हवा. म्हणजे चिठ्ठीवर न दिसणारं आम्ल रक्तात आलंय, इथे ते इन्सुलिनअभावी चरबी जळून बनणारे कीटोन. आता पुढचा प्रश्न: बायकार्बोनेट ६ असताना सीओटू किती असायला हवा? १९६७ मध्ये विंटर्स आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या रक्तावरून एक साधं सूत्र दिलं. बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. सहाचे दीडपट नऊ, अधिक आठ, सतरा. तिचा सतराच होता. म्हणजे तिची फुफ्फुसं जेवढं करता येईल तेवढं करत होती. चिठ्ठीवर त्या १७ शेजारी मात्र खाली जाणारा ठळक बाण होता.

तिचा मामा आयसीयूच्या दारात हात जोडून उभा. "मॅडम, ऊर्ध्व लागल्यागत करतीय ओ पोरगी. झोपंचं इंजेक्शन देऊन जरा शांत करा तिला, बघवत नाही." ही मागणी प्रेमातून येते, आणि तिच्याइतकी घातक मागणी दुसरी नाही. मी त्यांना बाजूला बसवून सांगितलं, "मामा, ती धाप तिला वाचवतेय. रक्तात जे आम्ल झालंय ते ती श्वासावाटे फेकतेय. आपण आम्ल कमी करू, धाप आपोआप उतरेल. धाप आधी थांबवली तर आम्ल तिथंच राहील."

मामांना जे सांगितलं ते आकड्यांत मांडून बघा. तिला झोपवली आणि व्हेंटिलेटरवर नेहमीच्या सवयीने श्वास लावले, सीओटू पुस्तकातल्या ४० वर आला, चिठ्ठीवरचा बाण गेला. २४ गुणिले ४० भागिले ६, उत्तर १६०. पीएच ६.८०. एका 'नॉर्मल' आकड्याने ही मुलगी दगावली असती. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळच आली, उलटी छातीत जाण्याइतकी बेशुद्ध झाली, तरी तिचे श्वास तिच्याच वेगाने चालवावे लागतात, आणि ते यंत्राला सहज जमत नाही. म्हणून अशा मुलांना शक्यतो ट्यूब टाळावी, असं मी अगदी कळकळीने सांगते.

यातली आणखी एक बारीक गोष्ट आहे. समजा दोन तासांनी तिचा सीओटू २६ आला. बाण अजून खालीच, नॉर्मलपेक्षा कमीच. रेसिडेंट म्हणेल की सुधारतोय. पण बायकार्बोनेट अजून ६ असेल तर तिला १७ ची गरज आहे आणि ती २६ वरच अडकलीय, म्हणजे ती थकतेय. पीएच ६.९८ पर्यंत उतरलेला असेल. अशा ठिकाणी २६ हा आकडा फुफ्फुसांच्या हार मानण्याचा असतो, आणि चिठ्ठीवर त्याची कुठलीही खूण नसते. ती खूण बेडवर असते: श्वास उथळ झालेला, पोरगी गप्प झालेली.

तिची धाप संध्याकाळी उतरू लागली. सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियम, तासातासाला लक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅप बंद झाला, म्हणजे नॉर्मलवर आला, पण बायकार्बोनेट १६ वरच अडलं. क्लोराइड ११२ झालं होतं. आपण देतो त्या नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे १५४ मिलिमोल क्लोराइड असतं, रक्तापेक्षा कितीतरी जास्त. लघवीवाटे गेलेले कीटोन म्हणजे शरीराचं संभाव्य बायकार्बोनेटच वाहून गेलेलं असतं. त्यामुळे आता उरलेली आम्लता क्लोराइडची होती आणि मूत्रपिंडं ती एक-दोन दिवसांत निस्तरतात. हे न बघता नुसत्या बायकार्बोनेटकडे बघून इन्सुलिन चढवत राहिलं किंवा सोडाबायकार्बच्या बाटल्या लावल्या तर पोटॅशियम घसरतं. क्लोराइड हा चिठ्ठीवरचा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. माझ्या मते तो पीएचइतक्याच आदराने वाचावा.

क्लोराइड न पाहण्याचा दुसरा धोका मोठा आहे. मूत्रपिंड निकामी झालेला एक रुग्ण, चार दिवस उलट्या. पीएच ७.४०, सीओटू ४०, बायकार्बोनेट २४. पाठ्यपुस्तकात छापावा असा गॅस, एकही बाण नाही. सोडियम १३८, क्लोराइड ८४. वजाबाकी करा: ३०. युरेमियाने, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्याने साठलेल्या आम्लाने, बायकार्बोनेट खाली ओढलं होतं, उलट्यांनी पोटातलं आम्ल घालवून ते वर ढकललं होतं, आणि दोघं मिळून बरोबर मध्यावर येऊन थांबले होते. दोन गंभीर आजार एकमेकांना झाकत होते. म्हणून पीएच नॉर्मल असला तरी वजाबाकी करायचीच. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघायची, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. कुपोषण, लिव्हर सिऱ्होसिस, लांबलेलं आजारपण, यांत अल्ब्युमिन डेसिलिटरमागे नेहमीच्या ४ ग्रॅमवरून २ पर्यंत उतरलेलं सर्रास दिसतं. ते एक ग्रॅमने कमी झालं की गॅप सुमारे अडीचने कमी दिसतो. अशा माणसात १२ चा गॅप म्हणजे खरा १७.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूतलं मिथेनॉल स्वतः आम्ल नाही. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं. त्याला काही तास लागतात, सोबत साधी दारूही पोटात असेल तर आणखी वेळ, कारण यकृत आधी तिच्याकडे वळतं. म्हणून सकाळी आलेल्या माणसाचा पहिला गॅस जवळजवळ चांगला असू शकतो आणि दुपारचा भयंकर. मिथेनॉल मोजण्याची सोय बहुतेक रुग्णालयांत नसते. धाप, धूसर दिसणं, वाढत जाणारा गॅप आणि एकाच वस्तीतून आलेले चार-सहा जण, एवढ्यावर निदान करायचं असतं. पहिली चिठ्ठी बरी आहे म्हणून अशा माणसाला घरी पाठवू नये. इथे गॅस पुन्हा काढणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

रक्त काढण्याबद्दलही बोललं पाहिजे. धमनीत सुई टोचणं शिरेपेक्षा बरंच दुखतं. नुसता पीएच आणि बायकार्बोनेट हवं असेल, रक्तदाब ठीक असेल, तर शिरेतलं रक्त पुष्कळदा पुरतं, पीएचमध्ये साधारण ०.०३ इतकाच फरक पडतो. दर चार तासांनी लेकराचं मनगट टोचायचं कारण नाही. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, रक्त गोठू न देणारं हेपरिन जास्त झालं, नमुना अर्धा तास ट्रेमध्ये पडून राहिला, तर आकडे बदलतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखांत असतील तर त्या सिरिंजमध्येच ऑक्सिजन खाऊन टाकतात. आणि रुग्ण किती ऑक्सिजनवर होता हे लिहिलं नाही तर ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ नाही. आमच्या सिस्टर नमुना पाठवतानाच चिठ्ठीवर पेनाने ऑक्सिजनचे लिटर आणि मिनिटाला किती श्वास ते लिहितात. हल्ली मोबाइलवर आकडे भरले की निदान सांगणारी अॅप्स आहेत. गणित ती अचूक करतात आणि ती वापरायला माझी हरकत नाही. पण अॅपला श्वासाचा दर कोणी सांगितलेला नसतो.

भरपाईला हात न लावण्याची सगळ्यात अवघड परीक्षा सीओपीडीच्या, म्हणजे धुराने फुफ्फुसं कायमची खराब झालेल्या, रुग्णांत होते. आमच्याकडे यात विडी ओढणारे पुरुष असतात, तशाच उभा जन्म चुलीच्या धुरात गेलेल्या आज्याही असतात. त्यांनी कधी विडी हातात धरलेली नसते. अशा एका आजींचा गॅस: पीएच ७.३५, सीओटू ६२, बायकार्बोनेट ३३. सीओटू आज सकाळी अचानक ६२ झाला असता तर बायकार्बोनेट सीओटूच्या दर दहा वाढीमागे एकच्या हिशेबाने २६ च्या आसपास असतं. ३३ आहे म्हणजे मूत्रपिंडांना वेळ मिळाला आहे, दहामागे सुमारे चार. महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं, हळूहळू त्यांनी ही शिल्लक जमवली. चिठ्ठी नीट वाचली तर ती आजाराचं वयही सांगते.

हिवाळ्यात छातीत कफ भरला की आजी येतात. नातेवाइकांचं म्हणणं एकच, "ऑक्सिजन वाढवा की डॉक्टर, शंभर करा." त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं. त्याहून वर नेलं की त्यांच्या फुफ्फुसातली रक्त आणि हवेची जमलेली जुळणी बिघडते, सीओटू आणखी चढतो. बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) लावून जमलं नाही, ट्यूब टाकावी लागली, तर खरा कस लागतो. यंत्राच्या जोरावर सीओटू ४० वर आणणं अगदी सोपं. बाण गेला, मॉनिटर छान. बायकार्बोनेट ३३ असताना सीओटू ४० म्हणजे पीएच ७.५४. पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, कधी झटके येतात. हे सगळं टळलं तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं ते 'जादा' बायकार्बोनेट लघवीत टाकून देतात. गॅस देखणा होतो. मग ट्यूब काढायची वेळ येते, आजी आपल्या श्वासावर येतात, आणि त्यांची फुफ्फुसं त्यांना जमेल तेवढंच करतात, सीओटू पुन्हा ६२. आता जोडीला बायकार्बोनेट २४. पीएच ७.२१. त्या दमतात, ट्यूब पुन्हा टाकावी लागते, आणि फाइलवर लिहिलं जातं की व्हेंटिलेटर सुटत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं आपण तीन दिवसांत वाहून घालवलेलं असतं.

म्हणून अशा रुग्णांसाठी राउंडवर मी एकच लक्ष्य सांगते, पीएचचं. सीओटू साठीच्या घरात राहिला तरी चालेल, पीएच ७.३५ च्या आसपास असला म्हणजे झालं. नव्या रेसिडेंटला ते फार जड जातं. लाल अक्षरातला आकडा तसाच सोडून पुढच्या बेडकडे जायचं, याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि लागावाही.

अडचण अशी की आजी पुढच्या वेळी आमच्याकडेच येतील असं नाही. रात्री-अपरात्री जे जवळ असेल तिथे नेतात, आणि तिथल्या डॉक्टरला त्यांचा नेहमीचा आकडा कुठून कळणार? तो ६२ बघून घाबरणार, त्यात त्याची चूक नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, आजी बऱ्या होऊन बसून चहा घेत असतात तेव्हा, मी एक गॅस मुद्दाम काढते. कार्डावर निदानाच्याही वर, मोठ्या अक्षरांत तो लिहिते: स्थिर असतानाचा गॅस, पीएच ७.३५, सीओटू ६२, बायकार्बोनेट ३३. सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवावं, सीओटू ४० वर आणू नये. मुलाला सांगते, "दादा, हे प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ऑक्सिजन लावायच्या आधी हे दाखवायचं." तो मोबाइलवर त्याचा फोटोही काढून घेतो.